आधी तोंड उघडू द्या, मग चेहऱ्याचं बघू

पत्र जालना जिल्ह्यातल्या एका ताईंचं आहे. यजमान ४६ वर्षांचे, तालुक्याच्या गावी खत-बियाण्यांचं दुकान. डाव्या गालाचा आणि खालच्या जबड्याचा कॅन्सर निघाला, मागच्या ज्येष्ठात संभाजीनगरला ऑपरेशन झालं. गाल, जबड्याचा डावा मागचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस-कातडी वर आणून गाल भरला. मग ३० लाईट, म्हणजे रेडिएशन, घेतल्या, त्या भाद्रपदात संपल्या. आता माघ चालू आहे. तोंड जेमतेम एक बोट उघडतं, हनुवटी डावीकडे ओढली गेलीय, डाव्या कोपऱ्यातून लाळ गळते, गालाच्या आतून केस उगवलेत. पेज, आंबील आणि चहा यावरच दिवस जातो. चारचौघांत जाणं बंद, दुकानावर मुलगा बसतो. वैशाखात मुलीचं लग्न. पाहुणे म्हणतात, "पायाचं हाड बसवायला पाहिजे होतं, छातीचं लावून स्वस्तात उरकलं." दीर म्हणतात, एक एकर विकू आणि लग्नाच्या आधी पुण्या-मुंबईला प्लास्टिक सर्जरी करून टाकू. ऑपरेशन केलेले डॉक्टर मात्र वर्षभर थांबा म्हणतात. ताईंचा प्रश्न: थांबावं की विकावं? पत्राच्या तळाशी त्यांनी सहज एक ओळ लिहिली आहे: "तंबाखू पूर्ण सुटली, फक्त जेवल्यावर सुपारीचं खांड तोंडात धरतात."

ताई, त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरू करते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर टांगलेलं आहे.

सुपारी म्हणजे तंबाखू नव्हे, म्हणून ती चालते, असं आपल्याकडे घरोघर धरून चालतात. पण तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २० वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं आहे. शिवाय तुमच्या घरच्या अडचणीशी तिचा थेट संबंध आहे. सुपारीने गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू घट्ट, पांढुरकं आणि दोरीसारखं होतं आणि तोंड मिटत जातं. बऱ्याच रुग्णांचं तोंड ऑपरेशनच्या आधीच त्यामुळे आकसलेलं असतं. त्यात लाईटने चावण्याचे स्नायू कडक होतात. म्हणजे एका हाताने दार उघडायचं आणि दुसऱ्याने कडी घालायची, असं चाललंय. मुलीची सुपारी फुटली, आनंद आहे. मालकांच्या तोंडातली मात्र आजच थुंकायला लावा. तलफ आवरत नसेल तर तंबाखू सोडवणाऱ्या सरकारी मोफत क्रमांकावर, १८००-११-२३५६ वर, त्यांना स्वतःला बोलू द्या. निकोटिनचं च्युइंगम त्यांच्या कामाचं नाही, त्या जबड्याने ते चघळता येणार नाही. तंबाखूची तलफ पुन्हा उठलीच तर कातडीला चिकटवायची निकोटिनची पट्टी मिळते, ती डॉक्टरांना विचारून.

आता पायाचं हाड की छातीचं मांस. पाहुण्यांना वाटतं तसं यात एक भारी आणि एक हलकं असं नसतं. पोटरीतलं बारीक हाड काढून जबडा करतात तेव्हा त्या हाडाची धमनी आणि शीर मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडावी लागते. ऑपरेशन आठ-दहा तास चालतं. पायाच्या तिन्ही धमन्या ठीक आहेत का ते आधी तपासावं लागतं, कारण वर्षानुवर्षं तंबाखू-बिडी केलेल्या माणसाच्या पायाच्या नळ्या चोंदलेल्या असू शकतात. पहिले दोन-तीन दिवस तासातासाला जोडलेल्या भागाचा रंग आणि रक्तप्रवाह बघत बसावं लागतं. नस चोंदली तर लगेच परत टेबलावर. हनुवटीचा पुढचा कमानीसारखा भाग काढला असेल तर हे सगळं करणं भागच असतं, कारण पुढे हाड नसेल तर ओठ लोंबतो, जीभ मागे पडते, लाळ थांबत नाही. पण मागचा भाग काढला असेल आणि गालाची कातडीही गेली असेल, तर छातीचा फ्लॅप, म्हणजे छातीचं मांस-कातडी रक्तवाहिनीसकट वर आणणं, हा मान्यता असलेला मार्ग आहे. त्याची रक्तवाहिनी तोडावी लागत नाही. ती मानेच्या कातडीखालून तशीच वर येते, म्हणून तो फ्लॅप सहसा दगा देत नाही. १९७९ पासून जगभर तो वापरतात. तुमच्या डॉक्टरांनी नेमका का निवडला हे कागदावरून मला सांगता येणार नाही. पुढच्या तारखेला त्यांनाच विचारा, पण "स्वस्तात उरकलं" हे मनात धरून विचारू नका. त्या दिवशी पहिलं काम गाठ चारी बाजूंनी सुटी करून काढणं हे होतं. काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर नव्हता, असं बायोप्सीच्या अहवालात लिहिलंय का, ते मात्र नक्की बघा. पाहुण्यांच्या सगळ्या चर्चेपेक्षा ती एक ओळ मोलाची.

हनुवटी डावीकडे का गेली? जबडा हा घोड्याच्या नालासारखा एक तुकडा असतो आणि दोन्ही बाजूंचे स्नायू त्याला सारखं ताणून धरतात. डावी बाजू सुटली, उजवे स्नायू तसेच राहिले, शिवाय डावीकडचा व्रण आक्रसला. म्हणून तोंड उघडताना तो डावीकडे जातो. आरशासमोर बसून, हनुवटीला तळहाताने हलकेच उजवीकडे रेटत दात जुळवून मिटायचा सराव रोज करायचा असतो. उजवीकडे दात पक्के असतील तर कृत्रिम दात बसवणारे तज्ज्ञ जबड्याला वळण लावणारी एक पट्टीही करून देतात. वरचे-खालचे दात जुळवून तोंड मिटायला ती शिकवते. संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हा विभाग आहे. ही पट्टी पहिल्या काही आठवड्यांत लावली तर जास्त गुण येतो. आता आठ महिन्यांनी कमी येईल, तरी विचारून बघायला हरकत नाही. एक अडचण आहे: तिचं माप घ्यायला तोंडात साचा घालावा लागतो आणि एक बोट उघडणाऱ्या तोंडात साचा जात नाही.

म्हणजे फिरून गाडी तोंड उघडण्यावरच येते. दात बसवायचे, दाताचा डॉक्टर आत बघणार, दुसरं ऑपरेशन करायचं, भूल देताना नळी घालायची, एवढंच काय, नवीन फोड आला तर तो दिसायचा, या सगळ्याला तोंड उघडावं लागतं. दीरांच्या एक एकराआधी लागतात त्या आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. नवीन, न वापरलेल्या. स्टेशनरीच्या दुकानात हस्तकलेसाठी गठ्ठा मिळतो.

सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना तोंड दाखवा आणि आत कुठे हाड, ऑपरेशनमध्ये बसवलेली धातूची पट्टी किंवा घाव उघडा नाही ना, याची खात्री करून घ्या. मग असं करायचं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा. निरोगी माणसाचं साधारण ४० च्या आसपास असतं आणि ३५ च्या खाली गेलं की तोंड आखडलंय असं धरतात. एक बोट म्हणजे १५-१६ असेल. काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते, म्हणजे एकावर एक अशा सात-आठ काड्या आत मावतील. तो गठ्ठा ओल्या गॉझमध्ये गुंडाळून उजव्या बाजूच्या दातांमध्ये ठेवायचा आणि ताण जाणवेल इतपत मधून एक काडी आणखी सरकवायची. ३० सेकंद धरायचं, मग काढून थोडं थांबायचं. असं पाच वेळा, आणि दिवसातून पाच बैठकी. ताण हवा, कळ नको. त्याआधी १० मिनिटं कोमट ओलं फडकं उजव्या गालाला लावलं तर स्नायू सैल होतात. डाव्या बाजूला शेकू नका. छातीहून आलेल्या कातडीला जाणीव नाही, भाजलं तरी त्यांना कळणार नाही. गरम चहाचंही तेच. तुम्ही मनगटावर थेंब टाकून बघितल्याशिवाय कप हातात देऊ नका.

चुकतं कुठे, तर लोक दोन दिवस जोर लावून तोंड सुजवून घेतात आणि मग सोडून देतात. काही जण स्क्रूचं यंत्र आणून फिरवतात, त्यात दात हलतात. ज्यांचं आठवडाभर एक मिलिमीटरही वाढत नाही ते "हे काही उपयोगाचं नाही" म्हणून काड्या चुलीत घालतात. लाईटनंतर पाच महिन्यांनी सुरुवात केली की वाढ मुंगीच्या पावलानेच होते. १६ चे २२-२४ व्हायला तीन-चार महिने लागू शकतात आणि ३५ कदाचित कधीच होणार नाही. पण २२ मध्ये चमचा आडवा जातो, लहान मुलाचा ब्रश मागच्या दातापर्यंत पोहोचतो. व्यायाम बंद केला की तोंड पुन्हा आवळतं, म्हणून तो वर्षानुवर्षं चालू ठेवायचा असतो. वही मुलाकडे द्या, दुकानाचा हिशेब तो लिहितोच. आणि उलटं झालं, म्हणजे आठ काड्या जात होत्या तिथे अचानक पाचच जायला लागल्या, तर तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा. जंतुसंसर्ग, हाड कुजणं किंवा आजार परतणं, यातलं काहीही असू शकतं.

दाताबद्दल एकच नियम कायमचा लक्षात ठेवा. लाईट घेतलेल्या जबड्याचा दात कोणालाही परस्पर उपटू देऊ नका, ना आता, ना दहा वर्षांनी. लाईटने हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या कमी झालेल्या असतात. दात काढल्यावरची खाच भरत नाही, हाड उघडं पडतं आणि कुजत जातं. तालुक्याच्या ठिकाणी "हलतोय ना, काढून टाकू" एवढ्यावर पाच मिनिटांत काम होतं आणि मग दोन वर्षं निस्तरत बसावं लागतं. लाईट किती आणि कुठे दिल्या तो कागद दाताच्या डॉक्टरपुढे आधी ठेवायचा. लाळ कमी झाल्याने दात झपाट्याने किडतात, तेव्हा रोज फ्लोराईडची पेस्ट आणि दंतवैद्याने लिहून दिलं तर फ्लोराईडचं जेल. प्रत्येक खाण्यानंतर धुणं महत्त्वाचं: एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. त्यांना चूळ धरता येणार नाही, कारण डावा कोपरा मिटत नाही. म्हणून २० मिलीची बिनसुईची सिरिंज भरून, बेसिनवर वाकून, डाव्या खोबणीत हलके फवारे मारायचे. अन्न तिथेच अडकतं, त्यांना कळत नाही, आणि वास येतो तो बहुतेक वेळा त्याचाच. बाजारातले झोंबणारे माऊथवॉश नकोत.

केसांनी घाबरू नका. छातीची कातडी आहे, ती आपल्या स्वभावाने वागते. बरेच केस लाईटने गळतात, राहिलेले डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात कात्रीने कापून देतात. घरी उपटू नका.

लाळ जास्त सुटते असं वाटतं, खरं तर लाईटनंतर ती कमीच झालेली असते. ओठ मिटवणारी नस आणि स्नायू दुबळे झाले, की आहे तेवढी बाहेर येते. त्यामुळे लाळ सुकवणाऱ्या गोळ्या मागू नका, तोंड आणखी कोरडं पडेल. दर काही मिनिटांनी आठवणीने गिळायची सवय, मान किंचित उजवीकडे कललेली, खिशात दोन-तीन सुती रुमाल. पिताना स्ट्रॉ जमत नाही, कारण ओढायला ओठ घट्ट मिटावे लागतात. लहान बाळाचं बोंडलं घरात असेल तर काढा, त्याच्या चोचीने उजव्या गालात मागे सोडता येतं. नाहीतर मोठ्या सिरिंजला मऊ नळीचा तुकडा लावा. पाणी पिताना खोकला येतो का? येत असेल तर ते श्वासनळीत जातंय. तसं डॉक्टरांना सांगा आणि गिळण्याचा व्यायाम शिकवणाऱ्यांकडे पाठवायला सांगा.

जेवणाबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तुम्ही वजन लिहिलेलं नाही. दुकानात पोत्यांचा काटा असेलच, दर रविवारी त्यावर उभं करा. ५० किलोच्या माणसाला रोज १५०० ते १७५० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पातळ आंबिलीचे सहा ग्लास प्यायले तरी सहा-सातशे कॅलरीच्या पुढे जात नाही. पोट गच्च होतं आणि माणूस वाळत जातो. तेच पोट घट्ट अन्नाने भरा. ३० ग्रॅम शेंगदाणे रात्री भिजवून, उकडून, मिक्सरमध्ये लोण्यासारखे वाटून गाळायचे आणि म्हशीच्या एक ग्लास दुधात घालायचे. चारशेच्या वर कॅलरी आणि १५-१६ ग्रॅम प्रथिनं एका ग्लासात जातात. कोरडं कूट टाकू नका, सुक्या तोंडात ते चिकटून बसतं. मुगाच्या वरणात उकडलेलं अंडं वाटून घाला, वर चमचाभर तूप. आंबील करायचीच तर पाण्याऐवजी दुधात, वर दुधाची भुकटी. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं. साखरेचा आजार असेल तर गूळ-साखर आवरा, बाकी तसंच. तिखट आणि येसराच्या आमटीची घाई नको. महिन्यात दोन किलो उतरले तर डॉक्टरांना सांगा, काही दिवस नाकातून नळी घालावी लागू शकते, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

आता एक एकर. लग्नाला तीन महिने उरलेत. आज चेहऱ्याचं मोठं ऑपरेशन केलं तरी सूज उतरायलाच सहा आठवडे ते तीन महिने जातात, म्हणजे वैशाखात चेहरा आजच्यापेक्षा बरा दिसेल याची खात्री कोणीही शहाणा सर्जन देणार नाही. लाईट घेतलेली कातडी उशिरा भरते, टाके उसवतात, छिद्र पडून आतली लाळ बाहेर झिरपते. आजार परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत परततो, आणि नव्या मांसाखाली तो लवकर दिसत नाही. डॉक्टर वर्षभर थांबा म्हणतात ते टाळाटाळ म्हणून नाही. लोक थांबण्याला कुचराई समजतात, त्याचं वाईट वाटतं.

वर्षानंतर काय काय होऊ शकतं? ओठाचा उतरलेला कोपरा उचलून बांधणं, फ्लॅपचा फुगीर भाग कमी करणं, खोलगट जागी पोटाची चरबी भरणं, मानेतून जाणारा फ्लॅपचा मांस-रक्तवाहिनीचा दोर मान वळवू देत नसेल तर तो सोडवणं ही तुलनेने लहान कामं. पायाचं हाड बसवणं हे मोठं. आधी स्कॅनवर आजार नाही हे पक्कं करायचं. ऑपरेशन आणि लाईट झालेल्या मानेत जोडायला चांगली रक्तवाहिनी मिळणं अवघड असतं, कधीकधी दुसऱ्या बाजूची वापरावी लागते. पाय गमावण्याची भीती नको: गुडघ्याजवळ आणि घोट्याजवळ साधारण सहा-सहा सेंटिमीटर हाड ठेवतात आणि शरीराचा भार मुख्यतः दुसरं जाड हाड पेलतं. दात त्यानंतर कित्येक महिन्यांनी, तेही जमले तर. आणि तोंड उघडत नसेल तर नवीन जबड्यावरही जेवण मिक्सरचंच.

दुसरं मत जरूर घ्या, ते सातबाऱ्याला हात न लावता घेता येतं. ऑपरेशनची नोंद, बायोप्सी अहवाल, लाईटचा तपशील, डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनची सीडी एका पिशवीत घालून संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा परळच्या टाटाला दाखवा. देवगिरी किंवा नंदीग्रामने जाणार असाल तर रुग्णालयाने भरून दिलेल्या रेल्वेच्या फॉर्मवर रुग्णाचं स्लीपर व थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ होतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. नंतरचं चेहऱ्याचं ऑपरेशन त्यात कोणत्या नावाखाली बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा आणि मंजुरी आल्याशिवाय कुठेही आगाऊ रक्कम भरू नका. कोणी सर्जन "लग्नाआधी करून देतो" म्हणाला तर त्याला तीनच गोष्टी विचारा: लाईट घेतलेल्या गालावर तुम्ही हे किती वेळा केलंय, टाके उसवले तर पुढचं ऑपरेशन कोणाच्या खर्चाने, आणि माझ्या माणसाचं तोंड याने किती मिलिमीटर उघडेल?

तारखा चुकवू नका. पहिलं वर्ष एक ते तीन महिन्यांनी, दुसरं दोन ते सहा महिन्यांनी. मानेला लाईट बसल्याने थायरॉइड मंदावू शकतं, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी टीएसएचची रक्त तपासणी मागून घ्या. दोन आठवड्यांत न भरणारा फोड, उघडं हाड किंवा पट्टी, मानेत नवी गाठ, कान ठणकणं, रक्त येणं, यातलं काही दिसलं तर तारीख बघू नका. डावा हात खांद्याच्या वर जात नसेल तर तोही मानेच्या ऑपरेशनचा भाग आहे, फिजिओथेरपीने बराच सुधारतो.

ताई, पत्रात पाहुणे बोलले, दीर बोलले, डॉक्टर बोलले, तुम्ही बोललात. मालक काय म्हणतात ते कुठेच नाही. चेहरा त्यांना लग्नासाठी नीट हवाय, की लोकांनी बघू नये म्हणून, की त्यांना आधी भाकरी चावायची आहे? उत्तर वेगळं निघेल आणि त्याप्रमाणे क्रम बदलेल. बोलताना घाई करू नका. उच्चार अडखळतात म्हणून असा माणूस गप्प बसायला लागतो, तेव्हा पाटी-पेन्सिल द्या, फोनवर टाइप करू द्या. "कशाला वाचवलं मला" असं एकदाही बोलले असतील तर ते रागाचं बोलणं समजून सोडून देऊ नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

दुकानावर रोज एक तास, सकाळी गर्दी नसताना, काउंटरच्या अशा बाजूला बसवा की गिऱ्हाइकाला उजवा गाल दिसेल. लग्नाच्या दिवशी मांडवात जाण्याआधी घरीच पोटभर दूध-शेंगदाणा पाजा, पंगतीत पान मांडून बसायची सक्ती कोणी करणार नाही हे आधीच ठरवा. उपरणं तोंडावर ओढायचं असेल तर ओढू द्या, लग्नात कोणाच्या ध्यानातही येत नाही. कन्यादानाला बसायचं का हे त्यांना आत्ताच विचारा. बसणार असतील तर फोटोवाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा, कॅमेरा उजवीकडे.